जरा गरम वाटेल

एक वाक्य मी दिवसातून तीस-चाळीस वेळा म्हणते. "जरा गरम वाटेल, घाबरायचं नाही, हलायचं नाही." एकोणीस वर्षं म्हणतेय. एकदा नवऱ्यासमोर चहाचा कप ठेवतानाही तेच तोंडातून गेलं, तेव्हापासून तो मला घरात स्कॅनबाई म्हणतो. म्हणू दे. माझ्या तोंडाला लागून तो कधी जिंकलेला नाही, तेवढाच त्याला आनंद.

मी सीटी स्कॅनचं यंत्र चालवते. बऱ्याच पेशंटना स्कॅनच्या वेळी शिरेतून एक औषध द्यावं लागतं, त्याला आम्ही डाय म्हणतो. दिसायला पाण्यासारखं, पण बोटाला लागलं की पाकासारखं चिकट. ते रक्तात मिसळलं की फोटोत धमन्या, यकृत, मूत्रपिंडं लख्ख उजळतात. शिरेत हाताने नाही, पंपाने जातं, तेही जोरात. अंगात शिरताना घशापासून ओटीपोटापर्यंत ऊब पसरते म्हणे, आणि अर्ध्या मिनिटात जाते. म्हणे असं म्हणते, कारण मी स्वतः ते कधी घेतलेलं नाही. आमच्या खात्यात कुणीच घेतलेलं नव्हतं. आम्ही फक्त सांगायचं काम करतो.

हे सांगणं मला शिकवलं मास्तरांनी. शब्दसुद्धा त्यांचेच. चौतीस वर्षं याच खोल्यांमध्ये काढून सहा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. नाव कुणी घेतच नसे, सगळ्यांचे ते मास्तर. मला ते ठिणगे म्हणत, कारण राग माझ्या नाकावर बसलेला असतो. त्यांच्या हाताखाली मी काय नाही शिकले! आणि त्यात सगळ्यात वरचा धडा दहा सेकंदांचा.

पंप सुरू झाला की पहिले दहा सेकंद आपण पेशंटजवळ उभं राहायचं आणि दोन बोटं त्याच्या शिरेवर ठेवायची. कधीकधी सुई शिरेतून निसटते नाहीतर शीरच फाटते, आणि डाय रक्तात जायच्या ऐवजी आजूबाजूच्या मांसात भरतो. बोटांखाली फुगवटा लागला की त्या क्षणी पंप बंद. सगळं ठीक असेल तर बाहेर पळायचं, दार लावायचं, मग किरण सुरू. "यंत्राला काही कळत नाही, ठिणगे. ते ढकलत राहतं. कळतं ते बोटाला," असं मास्तर म्हणायचे. या नियमावरून मी नवीन पोरींना रडेपर्यंत झापलेलं आहे.

आणि तोच नियम मी मोडला. मोडला तो मास्तरांवरच.

त्या दिवशी साडेनऊला मास्तर आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. त्यांच्या यकृतात सोनोग्राफीत बोराएवढी गाठ दिसली होती, ती साधी की वाईट हे बघायला डाय देऊन स्कॅन करायचा होता. आणि हे आल्या आल्या म्हणतात, "अगं, तो पडदा अजून तसाच फाटका? मी जाताना सांगून गेलो होतो की!"

"तुम्ही परत यायची वाट बघत होतो, शिवायला," मी म्हटलं.

"शिवेन की. वेण्या घालायला शिकलो, तर पडदा काय चीज आहे!"

त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, चार वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हो, नको आणि कधी, एवढे तीन शब्द उरले. मूलबाळ नाही. आंघोळ, भरवणं, कूस बदलणं सगळं मास्तर करत. काकूंचे केस कंबरेपर्यंत, अजून दाट. रोज सकाळी मास्तर त्यांना समोर बसवून वेणी घालत. "आधी वाटायचं या कामाला तीन हात लागतात. आता डोळे मिटून घालतो," हे ते इतक्या ऐटीत सांगत की मला आजवर नवऱ्याच्या कुठल्याच गुणाचं एवढं कौतुक करता आलेलं नाही. त्या दिवशी शेजारीण काकूंपाशी बसली होती, पण तिला बाराला निघायचं होतं. "बाराला मी घरी हवाच, ठिणगे. काय वाट्टेल ते झालं तरी."

सिस्टर नवी होती, तीन महिन्यांची. डाव्या हातातून परवाच तीनदा रक्त काढलेलं, तो सगळा हिरवानिळा. म्हणून मास्तरांनी उजवा पुढे केला. कोपराच्या आतल्या शिरेत सुई बसली. साधं सलाईन ढकलून पाहिलं, छान गेलं. मी मास्तरांना टेबलावर आडवं केलं, दोन्ही हात डोक्याकडे वर घ्यायला लावले. खोलीत एसीचा गारठा. पेशंट गारठला की शिरा आकसतात, म्हणून अंगावर चादर घालायची आणि तिचं टोक हातांवरही ओढायचं, ही पण त्यांचीच शिकवण. ओढलं.

आणि बोटं त्यांच्या शिरेवर ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "तू बाहेर जा."

"दहा सेकंद, मास्तर."

"अगं, नियम केला कुणी? मीच ना? मग मीच मोडतो. माझी शीर मला कळते. काही वाटलं तर ओरडेन. अशी बोंब ठोकेन की तुझा फाटका पडदा खाली येईल."

खरं सांगायचं तर त्यांना लाज वाटत होती. ज्या टेबलाजवळ चौतीस वर्षं उभं राहून हुकूम सोडले, त्याच टेबलावर आपण पायजमा घालून पडलोय, आणि हाताखालची पोरगी हात धरून उभी आहे, हे त्यांना सोसत नव्हतं. मला ते दिसत होतं. आणि एरवी मी कुणाच्या बापाला भीक घालत नाही, पण मास्तर बोलले की माझी शेपटी आत जाते. मी बाहेर गेले. गेले हो! स्वतःच्या पायांनी चालत गेले, दार लावलं आणि खुर्चीवर बसले.

माइक दाबून म्हटलं, "मास्तर, जरा गरम वाटेल, घाबरायचं नाही, हलायचं नाही."

"तुला मीच शिकवलंय ते!" स्पीकरमधून आवाज आला. मी आणि सिस्टर हसलो. पंप सुरू केला.

माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पोटातली मोठी धमनी एका गोलासारखी दिसते, राखाडी. डाय तिथे पोचला की ती पांढरी होते आणि शेजारचा आकडा भराभर चढतो. तो ठरावीक जागी गेला की स्कॅन आपोआप सुरू होतो. बारा सेकंद झाले, आकडा हलेना. पंधरा झाले. म्हातारं हृदय, उशीर लागतो, अशी मी मनाची समजूत घातली. अठरा. गोल राखाडीचा राखाडी. पंपाचा दाब एकदम सरळ, कुठे लाल दिवा नाही की घंटी नाही. मी माइक दाबला, "मास्तर, ठीक आहे ना?" उत्तर नाही. हलू नका म्हटल्यावर बोलत नाहीत, शहाणा पेशंट, असं वाटलं मला. देवाशपथ, असंच वाटलं.

मग काचेतून त्यांचे पाय दिसले. दोन्ही पायांची बोटं घट्ट आवळलेली, टाचा गादीत रुतलेल्या.

पंप थांबवला. शंभरातले अठ्ठ्याऐंशी मिली गेले होते. मी दार ढकलून आत धावले आणि चादर ओढली.

काय सांगू! कोपराच्या खाली हात नव्हताच, नुसता फुगलेला गोळा. कातडी इतकी ताणलेली की ट्यूबलाइट तिच्यात चमकत होती. मनगटाची हाडं गायब, बोटं टोपलीतल्या वांग्यांसारखी टम्म. एकोणीस वर्षांत मी डाय बाहेर गेलेला पाहिला नाही असं नाही. लिंबाएवढा फुगवटा पाहिलाय, अंड्याएवढा पाहिलाय. हे असलं कधी नाही. आणि मास्तर छताकडे बघत पडलेले, डोळ्यांतून पाणी दोन्ही बाजूंनी कानांत चाललेलं, खालचा ओठ चावून चावून रक्त आलेलं. त्यांनी अगदी हळू विचारलं, "झालं का गं?"

"झालं का?" मी किंचाळलेच. "मास्तर, हे काय झालंय! ओरडला का नाहीत?"

त्यांनी मान वळवून स्वतःचा हात पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही. दुखण्याचं नव्हतं ते, दुखत तर आधीपासून होतं. भलत्याच कुणाचा हात आपल्या खांद्याला चिकटलाय, असं त्यांनी पाहिलं. क्षणभरच. मग चौतीस वर्षांची सवय जागी झाली.

"सुई काढू नकोस," ते सिस्टरला म्हणाले, कारण ती बिचारी काढायलाच निघाली होती. "आधी त्यातूनच ओढून बघ, किती परत येतंय. हां. आता काढ. दाबू नकोस, चोळू नकोस, घट्ट बांधू नकोस. हात वर. बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून, उघडी नाही. आणि वेळ लिही, बाई. वेळ लिहिली नाही तर नंतर कुणी खरं धरत नाही."

ओढून दोन-तीन मिली परत आलं. बाकीचं सगळं आत.

आमच्या स्कॅनचे रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टर मॅडम धावत आल्या. नाडी तपासली, लागत होती. नखं दाबून पाहिली, रंग परत येत होता. कातडी फाटलेली नव्हती, फोड नव्हते. पेनने सुजेच्या कडेने रेघ मारली आणि वर वेळ लिहिली, दहा वीस. सलाईनच्या स्टँडला झोळी करून हात उंच टांगला आणि सर्जनना निरोप पाठवला. ते ऑपरेशनमध्ये होते, आटोपलं की येतो म्हणाले.

"बहुतेक हात आपोआप उतरतात," मॅडम म्हणाल्या. "पण हे फार आहे. हाताच्या आत स्नायूंभोवती घट्ट पिशव्या असतात. त्यात दाब वाढला की आतल्या आत रक्त अडतं, नसा मरतात. वरून हात बरा दिसत राहतो. म्हणून दर पंधरा मिनिटांनी बघायचं. नाडी, रंग, बोटं हलतात का, आणि मुख्य म्हणजे स्पर्श कळतो का. बधिर वाटलं की क्षणभर थांबायचं नाही, लगेच हात चिरून उघडावा लागतो. काही तासांतच हात कायमचा जातो."

शेजारच्या छोट्या खोलीत मी मास्तरांपाशी बसले. त्यांच्या टांगलेल्या हाताकडे बघवत नव्हतं आणि नजर हलतही नव्हती. त्या हाताने काय काय धरलेलं होतं! काकूंच्या खांद्याखाली घालून त्यांना उठवायचं त्याच हाताने, घास त्याच हाताचा, वेणी त्याच हाताची. हा हात गेला तर त्या घरात दोन माणसं पडणार होती, एक नाही.

"दुखतंय का?"

"थोडंफार."

"ओरडला का नाहीत, मास्तर?"

"आत्ता नको विचारूस." आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

साडेदहाला सगळं ठीक. पावणेअकराला मी कापसाच्या बोळ्याने एकेक बोट शिवून विचारलं, मास्तर म्हणाले, "लागतंय, लागतंय." अकराला पुन्हा तेच. पेनची रेघ तिथेच होती, सूज पुढे सरकली नव्हती. मला जरा हायसं वाटलं. सिस्टरने तर हातही जोडले वरती. मास्तर विनोद करायला लागले. "हा हात घेऊन कुस्तीला उतरलो तर समोरचा बघूनच पळेल." मग हळूच म्हणाले, "सव्वाअकराला सोडशील ना? घरी जाऊन उंचावर ठेवतो की. संध्याकाळी येऊन दाखवतो."

"सर्जन बघतील, मग बोलू."

"अगं, ती एकटी पडेल."

सव्वाअकराला मी म्हटलं, "डोळे मिटा." मिटले. मी कापूस उचलला, आणि तेवढ्यात सिस्टरने दारातून काहीतरी विचारलं, म्हणून हात तसाच हवेत धरून मी तिच्याकडे वळले.

"लागतंय," मास्तर म्हणाले. "अंगठा."

मी वळून पाहिलं. कापूस माझ्याच हातात होता.

"लागतंय. पहिलं बोट," मास्तर म्हणाले, डोळे मिटून, अगदी तालात. "लागतंय. मधलं."

सिस्टर माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे, आणि हा माणूस आपला मोजतोय एकेक बोट. पाचही बोटं त्यांनी पुरी केली.

"मास्तर," मी म्हटलं, "मी अजून हात लावलेलाच नाही."

त्यांनी डोळे उघडले. आणि आधी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. काय वाट्टेल ते बोलले मी त्यांना. म्हटलं, तुम्ही आम्हाला खोटं सांगणाऱ्या पेशंटवर चिडायला शिकवलंत, आणि तुम्ही? लाज वाटत नाही? गुरू म्हणून ज्यांच्या पाया पडले त्यांच्याशी मी एकेरीवर आले, "वेडा झालास का म्हाताऱ्या?" असं म्हणाले. सिस्टर घाबरून भिंतीला चिकटली. मग मी त्यांची आखडलेली बोटं धरून अलगद सरळ केली, कारण आत दाब असला तर तेवढ्यानेच जीव जाईल इतकं दुखतं असं मॅडमनी सांगितलं होतं.

तेव्हा मास्तर ओरडले. सकाळपासून पहिल्यांदा. बाहेरच्या बाकांवरचे सगळे पेशंट उभे राहिले, आणि मॅडमच्या हातातली फाइल खाली पडली.

सर्जन हातमोजे काढत काढतच आले. दोन मिनिटं पाहिलं. "बधिर कधीपासून?"

मास्तरांनी जमिनीकडे बघत सांगितलं, "पावणेअकरापासून. अंगठा आणि दोन बोटं."

अर्धा तास! ज्या माणसाने वेळ लिही, वेळ लिही म्हणून आमचं डोकं खाल्लं, त्याने अर्धा तास गिळून टाकला होता. बाराला घरी जायचं म्हणून.

"आत्ताच्या आत्ता ऑपरेशनला घ्या," सर्जन म्हणाले, आणि मग सगळे धावत सुटले. डाव्या हाताने वेडीवाकडी सही झाली. मास्तरांनी मला शर्टाच्या खिशातून घराची किल्ली काढायला लावली. "मऊ भात डब्यात आहे. फार गरम करू नकोस, तिचं तोंड भाजतं, आणि ती सांगू शकत नाही." ट्रॉली लिफ्टपाशी थांबली. लिफ्ट वर कुठेतरी अडकलेली, नेहमीसारखी. मी त्यांचा डावा हात धरून उभी होते. राग ओसरला होता, आता नुसती भीती.

"ठिणगे," ते म्हणाले, "मला वाटलं हेच ते."

"काय हेच ते?"

"गरम वाटतं ते."

मला कळलंच नाही.

"अगं, मी कधी घेतलंय का ते? नुसता सांगत आलो. जरा गरम वाटेल, घाबरायचं नाही. चौतीस वर्षं. आज सुरू झालं आणि हात फाटतोय की काय असं झालं. तोंडापर्यंत आलेलं ओरडायचं. मग वाटलं, म्हणजे हे असं असतं तर! हे सगळ्यांनी सोसलं. केवढी माणसं, ठिणगे. बायका, म्हातारे, एवढ्याएवढ्या पोरी. मी त्यांना म्हणायचो जरा गरम वाटेल, आणि ती बिचारी हे सोसून, उठून, माझे आभार मानून जायची. कुणी हूं की चूं केलं नाही. मग मी कुठल्या तोंडाने ओरडू?"

मला ओरडून सांगायचं होतं की नाही हो मास्तर, असं नसतं, कुणालाच असं होत नाही. पण सांगितलं नाही. कारण मला तरी कुठे माहीत होतं? मीही आपली सांगतच आलेली. लिफ्ट आली आणि त्यांना घेऊन गेली.

बाराला दहा मिनिटं असताना मी त्यांच्या घरी पोचले. शेजारीण दारातच चप्पल घालून उभी. आत खिडकीजवळच्या पलंगावर काकू उशांना टेकून बसल्या होत्या, आणि खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी. इतकी सरळ, इतकी घट्ट, शेवटच्या टोकाशी दोरा बांधून गाठ मारलेली. सकाळी त्या हाताने घातलेली. मी मऊ भात कोमट केला, आधी माझ्या जिभेला लावून बघितला आणि भरवायला बसले. काकूंनी दोन घास घेतले आणि दाराकडे बघून विचारलं, "कधी?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्या दिवशी खोटं पुरे झालं होतं. सांगितलं सगळं. काकूंनी डावा हात उचलला, वेणी मुठीत धरली आणि मी निघेपर्यंत सोडली नाही.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी मी हट्टाने आत गेले, आणि कोपरापासून मनगटापर्यंत उघडा चिरलेला हात पाहून तशीच बाहेर येऊन जमिनीवर बसले. दाब निघून जावा म्हणून तो काही दिवस तसाच उघडा ठेवायचा होता. नंतर मांडीची कातडी काढून वर लावली. हात वाचला, असं सर्जन म्हणाले. वाचला म्हणजे जागेवर राहिला, रंग परत आला, बोटं थोडी वळायला लागली. पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं, ज्यांनी मास्तर शिरा शोधायचे, ती मुकी झाली ती झालीच. अर्धा तास आधी घेतलं असतं तर? असं मी विचारलं. सर्जननी माझ्याकडे पाहिलं आणि पाणी मागवलं. माझ्यासाठी.

चौकशीच्या कागदावर मी खरं तेच लिहिलं, की पहिले दहा सेकंद मी पेशंटजवळ नव्हते. मास्तरांनी निरोप धाडला होता, मी हाकललं असं लिही, सगळं माझ्यावर ढकल. मी उलट निरोप दिला, तुमचं ऐकायचं ते एकदा ऐकलं, आता पुरे.

पण गाठ तर अजून तिथेच होती. डाय शिरेत गेलाच नव्हता, त्यामुळे तो स्कॅन निव्वळ वाया. अडीच महिन्यांनी तो पुन्हा करायचं ठरलं. मला वाटलं, मास्तर दुसरीकडे जातील. ते आमच्याकडेच आले, आणि सोबत चाकांच्या खुर्चीत काकूंना घेऊन आले. शेजारणीचा मुलगा खुर्ची ढकलत होता.

मी काकूंना पाहिलं आणि दारातच थबकले. केस कापलेले. कंबरेपर्यंतचे केस, कानापाशी सपकन. मान उघडी पडून त्या एकदम बारीक दिसत होत्या.

"मला जमेना गं," मास्तर म्हणाले. "पेड निसटायचे. धरलेत की सुटलेत हेच कळायचं नाही. एक दिवस तिनेच कात्री दाखवली. मी नको म्हटलं, ती हो म्हणाली. भांडण कसलं होणार, तिच्याकडे शब्द तीन."

काकू हसल्या. मला हसता आलं नाही.

या वेळी डावा हात. सिस्टरने सुई नीट बसवली. दोनदा सलाईन ढकलून पाहिलं. चादर अंगावर घातली, हातावर नाही. मी टेबलाजवळ उभी राहिले, दोन बोटं शिरेवर ठेवली. मास्तरांनी बाहेर जा म्हटलं नाही. त्यांचं सगळं अंग ताठ झालेलं, कपाळावर घाम, आणि डोळे माझ्यावर.

"मी काय सांगू तुम्हाला?" मी म्हटलं. ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. त्या दिवसापासून मी पेशंटना वेगळं सांगायला लागले होते. ऊब येईल ती अंगभर येईल, पण सुईपाशी दुखलं, जळलं, चुरचुरलं तर त्याच क्षणी ओरडा, स्कॅन गेला खड्ड्यात. पण मास्तरांना हे सांगायचीही मला लाज वाटली.

"काही नको सांगूस. सुरू कर."

सिस्टरने बाहेरून पंप सुरू केला. एक, दोन, तीन. बोटांखाली शीर मऊ, थंडगार धार आत जाताना कळत होती. पाच. सहा. मास्तरांनी दात आवळून धरलेले. आठ. नऊ.

"आलं," ते म्हणाले. "घशात... छातीत... पोटात. खाली." आणि वाट बघत राहिले. "आता?"

"आता काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे झालं, मास्तर. हेच ते."

त्यांचा जबडा सैल झाला. "एवढंच?"

"एवढंच."

मला पळावं लागलं, दार लावावं लागलं. पडद्यावरचा गोल पांढराशुभ्र झाला आणि आकडा सरसर चढला. मास्तर जराही हलले नाहीत. गाठ साधी निघाली, धोक्याची नाही, हे मॅडमनी त्याच संध्याकाळी सांगितलं, पण त्या क्षणी गाठीचं भान आम्हा दोघांनाही नव्हतं.

टेबल बाहेर आलं तेव्हा ते ढसाढसा रडत होते. "कुणालाच दुखलं नव्हतं गं," म्हणाले. "एवढी माणसं. कुणालाच नाही. मीच एकटा मूर्ख." आणि उजव्या हाताने डोळे पुसायला लागले. पुसले, पुन्हा पुसले, गाल कोरडे झाले तरी पुसतच राहिले, कारण ओल आहे की गेली हे त्या बोटांना कळत नव्हतं. शेवटी मीच त्यांचा हात धरून खाली घेतला.